विश्लेषण : विकायचे नाही, भाड्याने द्यायचे... जॉन जेकब ॲस्टर न्यूयॉर्कचे सर्वांत मोठे जमीनमालक कसे झाले?

पगारातून शिल्लक टाकून दुसरे घर घ्यायचे आणि ते भाड्याने द्यायचे, हे अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांचे स्वप्न असते. पण सुरुवात कशी करावी, कर्ज किती काढावे, मालमत्ता विकावी की ठेवावी, हे प्रश्न सुटत नाहीत. सव्वादोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन खाटकाच्या मुलाने परक्या देशात याच प्रश्नांची उत्तरे शोधली आणि तो अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत माणूस ठरला. त्या यशाची किंमत मात्र इतरांनाही मोजावी लागली.

कोण होते ॲस्टर?

जॉन जेकब ॲस्टर यांचा जन्म १७ जुलै १७६३ रोजी जर्मनीतील हायडेलबर्गजवळच्या वॉलडॉर्फ या गावी झाला. वडील खाटीक होते. वयाच्या सोळाव्या वर्षी ते लंडनला थोरल्या भावाकडे गेले. वाद्ये बनवण्याच्या व्यवसायात काम करता करता त्यांनी इंग्रजी आत्मसात केले. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत असताना, १७८३ च्या अखेरीस, विक्रीसाठी काही बासऱ्या घेऊन ते जहाजात बसले. चेसापीक उपसागरात जहाज बर्फात अडकले आणि अमेरिकेच्या भूमीवर पाय ठेवायला १७८४ साल उजाडले. या प्रवासातच एका सहप्रवाशाकडून त्यांना फरच्या व्यापारातील नफ्याची माहिती मिळाली.

न्यूयॉर्कमध्ये त्यांचा दुसरा भाऊ हेन्री मांसविक्रीचा धंदा करत होता. ॲस्टर यांनी तिथे बस्तान बसवले. १७८५ मध्ये त्यांचा विवाह सारा टॉड यांच्याशी झाला. साराच्या आईचे न्यूयॉर्कमध्ये भाडोत्र्यांसाठी खाणावळवजा निवासगृह होते. साराने हुंड्यात ३०० डॉलर आणले. फरची पारख त्यांना उत्तम होती आणि धंद्यात त्यांचा वाटा मोठा होता.

जमिनीत पैसे कसे घातले?

ॲस्टर यांनी १७८९ मध्ये बोवरी भागातील भूखंड घेऊन खरेदीला सुरुवात केली. तरीही पुढची अनेक वर्षे त्यांचा मुख्य धंदा फरचाच राहिला. आदिवासी शिकाऱ्यांकडून कातडी घ्यायची, ती युरोप आणि चीनमध्ये विकायची आणि येताना चहा, रेशीम आणायचे, असे हे चक्र होते. १८०८ मध्ये त्यांनी अमेरिकन फर कंपनी स्थापन केली. या धंद्याला काळी बाजूही होती. शिकाऱ्यांना दारू पाजून स्वस्तात कातडी मिळवण्याची पद्धत या व्यापारात रुळलेली होती आणि ॲस्टर यांच्या जहाजांतून काही काळ चीनकडे अफूही गेली.

जमीन खरेदीचा पैसा या धंद्यातून येत होता. त्यामुळे जमिनीने लगेच उत्पन्न दिले नाही, तरी त्यांचे अडत नसे. घेतलेली जमीन दहा-वीस वर्षे पडून राहिली तरी चालेल, एवढी सवड त्यांच्याकडे होती. त्यांच्या पुढच्या सगळ्या यशाचा पाया हाच होता.

शहराच्या वेशीबाहेरच का?

१७९० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या सुमारे ३३ हजार होती आणि वस्ती मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण टोकाला एकवटली होती. उत्तरेकडे शेते, कुरणे आणि दलदल. ॲस्टर यांचे लक्ष या उत्तरेकडच्या जमिनीवर होते. वस्तीच्या तिन्ही बाजूंनी पाणी असल्याने शहर वाढले तर त्याच दिशेने वाढणार, हा हिशेब साधा होता.

१८०३ मध्ये त्यांनी ब्रॉडवेपासून हडसन नदीपर्यंत पसरलेली सुमारे ७० एकरांची शेती घेतली. आजच्या ४२व्या ते ४६व्या रस्त्यादरम्यानचा, म्हणजे टाइम्स स्क्वेअरलगतचा हा पट्टा. त्याच सुमारास अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष ॲरन बर कर्जात बुडाले होते. त्यांच्याकडील रिचमंड हिल परिसराचे हक्क ॲस्टर यांनी घेतले आणि त्याचे छोटे भूखंड पाडले.

१८११ मध्ये मॅनहॅटनच्या नियोजित रस्त्यांचा आराखडा जाहीर झाला आणि शेतांवर कागदोपत्री चौकोन आखले गेले. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला. अमेरिकेच्या अंतर्भागातील माल न्यूयॉर्क बंदरात येऊ लागला आणि शहर झपाट्याने फुगले. १८५० पर्यंत लोकसंख्या पाच लाखांपुढे गेली. यातला आराखडा आणि कालवा सार्वजनिक कामांचा भाग होता. त्यांचा मोठा लाभ मात्र आधीच जमीन धरून बसलेल्यांना झाला.

भाडेपट्ट्याचे गणित काय होते?

सुरुवातीच्या काळात ॲस्टर यांनी काही भूखंड विकलेही. पुढे मात्र विकण्याऐवजी भाडेपट्ट्याने देण्यावर त्यांचा भर राहिला. पट्टा साधारण २१ वर्षांचा असे. जमीन ॲस्टर यांची, इमारत बांधण्याचा खर्च भाडेकरूचा आणि करही भाडेकरूनेच भरायचे. मुदत संपली की वाढलेल्या किमतीनुसार नवे भाडे ठरे किंवा जमीन मालकाकडे परत येई.

त्यामुळे बांधकामाची जोखीम त्यांच्यावर नव्हती, दुरुस्तीची कटकट नव्हती, दरवर्षी भाडे येत होते आणि जमिनीची मालकी कायम राहत होती. मिळालेल्या भाड्यातून आणखी जमीन घेतली जात होती.

मंदीत काय केले?

फॅशन बदलत असल्याचे ओळखून ॲस्टर यांनी १८३४ मध्ये फरच्या धंद्यातून अंग काढून घेतले. १८३६ मध्ये ब्रॉडवेवर त्यांचे ‘ॲस्टर हाउस’ हे भव्य हॉटेल सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १८३७ मध्ये अमेरिकेत मोठे आर्थिक संकट आले. बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले आणि जमिनीचे भाव कोसळले. कर्ज काढून जमिनी घेतलेल्यांना त्या सोडाव्या लागल्या. ॲस्टर यांच्याकडे रोख रक्कम होती. त्यांनी पडत्या भावात खरेदी केली आणि कर्ज थकवणाऱ्यांच्या गहाण मालमत्ताही ताब्यात घेतल्या. त्यांना भाव पुन्हा चढेपर्यंत थांबणे परवडणारे होते, कर्जदारांना ते परवडणारे नव्हते.

२९ मार्च १८४८ रोजी, ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची संपत्ती सुमारे दोन कोटी डॉलर होती. त्यातील चार लाख डॉलर त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयासाठी ठेवले. ते ग्रंथालय पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत विलीन झाले. बहुतेक मालमत्ता मुलगा विल्यम याच्याकडे गेली.

किंमत कोणी मोजली?

मुदतीच्या भाडेपट्ट्यात एक दोष दडलेला होता. २१ वर्षांनी जमीन हातात राहील की नाही, याची खात्री नसलेला माणूस भक्कम घर कशाला बांधेल? तो कमी खर्चात इमारत उभी करणार आणि मुदतीच्या आत पैसे वसूल करण्यासाठी तिच्यात जास्तीत जास्त कुटुंबे कोंबणार. युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे येत होते, त्यामुळे भाडेकरूंना तोटा नव्हता. विल्यम यांच्या काळात ॲस्टर कुटुंबाच्या अनेक जमिनींवर अशा दाटीच्या इमारती उभ्या होत्या. जमीनमालक आणि राहणारे कुटुंब यांच्यामध्ये मध्यस्थ होता. त्यामुळे अंधाऱ्या खोल्या, तुंबलेले संडास आणि रोगराई यांची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

न्यूयॉर्क राज्याने १८६७ मध्ये अशा इमारतींसाठी पहिला कायदा केला. प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक घराला स्वतंत्र शौचालय हवे, असा नियम नव्या इमारतींसाठी लागू व्हायला १९०१ साल उजाडले.

आजच्या गुंतवणूकदाराने काय घ्यावे?

ॲस्टर यांची जशीच्या तशी नक्कल शक्य नाही. तेव्हा अमेरिकेत प्राप्तिकर नव्हता आणि त्यांच्या ताब्यात मोकळी जमीन होती. आपण घेतो तो फ्लॅट असतो. तो जुना होतो, त्याला सोसायटीचा देखभाल खर्च, मालमत्ता कर आणि रंगरंगोटी लागते. भाडेकरू बदलताना एखाद-दोन महिने तो रिकामाही राहतो. भाडे ठरवताना हे सगळे वजा करून हाती काय उरते, ते पाहावे लागते.

तरी त्यांच्या आयुष्यातून काही गोष्टी घेता येतात. पहिले उत्पन्न भक्कम असावे, मगच दुसरे घर. हप्ता भाड्याच्या भरवशावर असेल, तर भाडे थांबताच घर विकण्याची वेळ येते आणि ती नेमकी भाव पडलेले असताना येते. १८३७ मध्ये बुडालेल्यांचे असेच झाले. म्हणून काही महिन्यांचे हप्ते निघतील एवढी रोकड बाजूला हवी. शहर कुठे सरकते आहे, हे जाहिरातीपेक्षा मंजूर आराखड्यात आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या कामात दिसते. दुसरी मालमत्ता पहिलीच्या शिल्लक उत्पन्नातून उभी राहिली, तर वाढ सावकाश होते, पण टिकते.

आणि भाडेकरूला नांदते घर द्यावे. ॲस्टर यांच्या हिशेबात ही बाब कधी आली नाही. गळके छत वेळेवर दुरुस्त करणारा आणि करार स्पष्ट लिहिणारा घरमालक भाडेकरू टिकवतो, आणि टिकलेला भाडेकरू म्हणजे रिकामा न राहिलेला फ्लॅट.