भास्कराचार्य आणि आकृतीचे महत्त्व



भारतीय गणिताच्या इतिहासात भास्कराचार्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जलवीड हे त्यांचे गाव. वडील महेश्वर हे ज्योतिषशास्त्राचे पंडित होते आणि तेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत आहे. श्लोक पाठ करता येतो, परंतु त्यात आकृती कशी बसणार? ती विद्यार्थ्याने स्वतः काढायची असे. त्या काळी पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने आकडे व रेषा काढत. म्हणूनच अशा गणिताला धूलिकर्म म्हणत.

लीलावतीतील एक उदाहरण पाहू. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकले. तर तो किती उंचीवर मोडला? आपल्या जिल्ह्यातील मुलांना बांबू नवा नाही, तरी नुसते वाचून उत्तर सुचत नाही. एक उभी रेषा, एक आडवी रेषा व त्यांना जोडणारी तिरपी रेषा काढा. काटकोन त्रिकोण समोर येतो. उभी बाजू १२, आडवी १६, तिरपी २०. उभी व तिरपी मिळून ३२. वेळू १२ हातांवर मोडला.

या आकृतीत वेळूची पाने नाहीत, रंग नाही, वारा नाही. चित्र वस्तू कशी दिसते ते दाखवते. आकृती मात्र कोणत्या भागाचा कोणत्या भागाशी काय संबंध आहे ते दाखवते आणि बाकी सर्व सोडून देते. हाच तिचा अर्थ व हाच तिचा उद्देश.

आकृतीने कारणही समजते. बीजगणितात भास्कराचार्य १५ व २० बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण विचारतात आणि नियमाची उपपत्ती, म्हणजे तो का खरा आहे हेही विचारतात. असे चार त्रिकोण कर्ण बाहेर ठेवून मांडले की मोठा चौरस तयार होतो व मध्ये ५ बाजूचा लहान चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, लहान चौरसाचे २५, एकूण ६२५. म्हणून कर्ण २५. जाड कागदाचे त्रिकोण कापून हे घरी अवश्य करून पाहा.

गोलाध्यायात तर छेद्यक नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. छेद्यक म्हणजे आकृती. ग्रहांची गती वर्तुळे काढून कशी समजावी, हे तेथे सांगितले आहे. इ.स. ११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी 'करणकुतूहल' हा ग्रंथ लिहिला.

त्यांची विद्या घरातच संपली नाही. नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

आज अनेक विद्यार्थी गाईडमधील आकृती जशीच्या तशी उतरवतात. आकृती सुंदर दिसते, पण तीच थोडी फिरवून दिली की उत्तर अडते. रेषा थोडी वाकडी असली तरी चालेल, पण प्रत्येक रेषा कशासाठी आहे हे सांगता आले पाहिजे.

पालकांना विनंती आहे की मुलाची वही पाहताना, ही रेषा काय दाखवते, एवढे अवश्य विचारावे. त्यासाठी गणित येण्याची गरज नाही. विश्वस्त मंडळींनाही नम्र सूचना आहे की प्रत्येक वर्गात मोठा फळा व फळ्यावर वापरण्याची पट्टी, कंपास व गुण्ये असावेत. पाटीवरच्या धुळीत जे शिकवले गेले, ते आपल्या फळ्यावर नक्कीच शिकवता येईल.