विश्लेषण : सेन्सरच्या जाळ्यात हॉलिवूडच्या नायिकेची युक्ती; कोण होत्या हेडी लमार?

मोठ्या रासायनिक कारखान्यात तापमान आणि दाब मोजणारे छोटे वायरलेस सेन्सर पाइपांवर, टाक्यांवर बसवलेले असतात. आत एक बॅटरी आणि ती वर्षानुवर्षे पुरली पाहिजे. सेन्सर एकच रेडिओ चॅनेल धरून बसला, तर शेजारच्या वायफायच्या गोंगाटात किंवा लोखंडी टाक्यांवर आपटून परतणाऱ्या लहरींत त्याचा संदेश हरवतो. मग तो पुन्हा पाठवायचा, पुन्हा पाठवायचा आणि बॅटरी संपवायची. यावरचा उपाय म्हणजे सतत चॅनेल बदलत राहणे. या कल्पनेच्या एका गाजलेल्या पेटंटवर हॉलिवूडच्या नायिकेचे नाव आहे.

हेडी लमार कोण होत्या?

मूळ नाव हेडविग किस्लर. जन्म ९ नोव्हेंबर १९१४, व्हिएन्ना. वडील बँकेत, आई पियानोवादक, घराणे ज्यू. १९३३ मध्ये ‘एक्स्टसी’ या चित्रपटातील दृश्यांनी खळबळ उडवली. त्याच वर्षी त्यांनी शस्त्रास्त्र उद्योगपती फ्रित्झ मंडल यांच्याशी लग्न केले. घरी लष्करी मंडळींची ऊठबस असे, शस्त्रांच्या गप्पा रंगत. बायकोने मात्र शोभेची बाहुली होऊन बसावे, अशी नवऱ्याची अपेक्षा होती. १९३७ मध्ये त्या तिथून निसटल्या आणि लंडनमार्गे हॉलिवूडला पोहोचल्या. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अल्जियर्स’ने त्यांना स्टार केले.

टॉर्पेडो आणि पियानोचा काय संबंध?

सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन पाणबुडीने ‘सिटी ऑफ बनारस’ हे ब्रिटिश जहाज बुडवले. युद्धापासून दूर कॅनडाला पाठवलेली ९० मुले त्यावर होती, ७७ दगावली. त्या काळात लमार संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्यासोबत रेडिओने चालणाऱ्या टॉर्पेडोवर काम करत होत्या. अडचण साधी होती. शत्रूला फ्रिक्वेन्सी कळली की तो तिच्यावर गोंगाट सोडणार आणि टॉर्पेडो भरकटणार.

त्यांचे उत्तर असे : जहाज आणि टॉर्पेडो, दोघांनी एकाच वेळी, एकाच क्रमाने फ्रिक्वेन्सी बदलायची. क्रम ठरवायला छिद्रे पाडलेल्या कागदाच्या गुंडाळ्या, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असतात तशा. असे अनेक पियानो एकत्र वाजवण्याची खटपट अँथाइल यांनी पूर्वी केलीच होती. फ्रिक्वेन्सी ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच! ११ ऑगस्ट १९४२ रोजी पेटंट मिळाले. त्यावर नाव होते हेडी किस्लर मार्की, म्हणजे दुसऱ्या लग्नानंतरचे.

अमेरिकी नौदलाने ही रचना नाकारली. लमार यांच्या वाट्याला आले ते युद्धरोखे विकण्याचे काम. चेहरा हवा होता, डोके नको होते. १९५९ मध्ये पेटंटची मुदत संपली, एक पैसाही हाती न येता. अँथाइल त्याच वर्षी गेले.

वायफाय त्यांनीच शोधले का?

समाजमाध्यमांवर तसे सर्रास फिरते, पण ते खरे नाही. फ्रिक्वेन्सी बदलण्याची कल्पना आधीही काहींनी मांडली होती आणि आजचे वायफाय अशा उड्या मारत नाही. तुमच्या फोनमधले ब्लूटूथ मात्र मारते.

सेन्सरच्या जाळ्यात तर साम्य फार जवळचे आहे. ‘वायरलेस हार्ट’ या औद्योगिक पद्धतीत नेटवर्क मॅनेजर नावाचे सॉफ्टवेअर प्रत्येक सेन्सरला वेळापत्रक देते : कोणत्या १० मिलिसेकंदांत, कोणत्या चॅनेलवर बोलायचे. उरलेला वेळ झोप काढायची, म्हणून बॅटरी टिकते. यासाठी सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत. स्वस्त घड्याळे पुढे-मागे होतात, त्यामुळे ती सतत दुरुस्त करावी लागतात. दोन्ही गुंडाळ्या एकाच क्षणी सुरू करून एकाच वेगाने फिरवायच्या, हाच लमार-अँथाइल यांच्याही यंत्रातला कळीचा मुद्दा होता.

दखल कधी घेतली गेली?

१९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दोघांना पुरस्कार जाहीर केला. लमार तेव्हा ८२ वर्षांच्या होत्या आणि फ्लोरिडात लोकांपासून दूर राहत होत्या. समारंभाला त्या गेल्याच नाहीत, पुरस्कार मुलाने स्वीकारला. १९ जानेवारी २००० रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये दोघांची नावे लागली २०१४ मध्ये.