एडवर्ड माउनियर बॉक्सर

एडवर्ड माउनियर बॉक्सर (इ.स. १८२२ – इ.स. १८९८) हे ब्रिटिश तोफखान्यातील अधिकारी आणि संशोधक होते. काडतुसाच्या तळाशी मध्यभागी बसणारी, ऐरण पोटात असलेली स्फोटक टोपी ही त्यांची सर्वांत टिकाऊ निर्मिती होय. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा सहज भरता येते, ती मुख्यतः या रचनेमुळे.

कारकीर्द

बॉक्सर हे १८५५ मध्ये लंडनजवळील वुलविच शस्त्रागारातील रॉयल लॅबोरेटरीचे अधीक्षक झाले. ब्रिटिश सैन्याचा दारूगोळा तयार करण्याचे काम या संस्थेकडे होते. तोफगोळ्यांच्या वाती व श्रापनेल गोळे यांत त्यांनी सुधारणा केल्या. १८६५ मध्ये त्यांनी एकाच नळीत दोन भार असलेला अग्निबाण तयार केला. पहिला भार जळून संपला की दुसरा पेट घेई. किनाऱ्याजवळ फुटलेल्या जहाजापर्यंत दोर पोहोचवण्यासाठी त्याचा दीर्घकाळ उपयोग झाला.

काडतूस

त्या काळातील एनफील्ड बंदूक ठासणीची होती. तिचे कागदी काडतूस दातांनी फोडून दारू नळीत ओतावी लागे. त्याला लावलेल्या चरबीविषयीचा संशय हे १८५७ च्या उठावाचे एक निमित्त ठरले. पुढे याच बंदुकांचे, अमेरिकी संशोधक जेकब स्नायडर यांच्या पद्धतीने, मागून भरायच्या बंदुकांत रूपांतर करण्यात आले. त्यांच्यासाठी बॉक्सर यांनी १८६६ मध्ये गोळी, दारू व टोपी एकत्र असलेले काडतूस सिद्ध केले. त्याची पुंगळी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून केलेली असे. उठावानंतर हिंदी शिपायांना गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी जुनी शस्त्रे देण्याचे धोरण होते. त्यामुळे गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आल्यानंतरच स्नायडर हिंदी पलटणींकडे आली.

गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी नाजूक होती. सुदानमधील १८८५ च्या मोहिमेत ती बंदुकीत अडकल्याच्या तक्रारी झाल्या आणि पुढे अखंड पितळी पुंगळी रूढ झाली. टोपीची रचना मात्र टिकली.

वाद व निवृत्ती

सरकारी पदावर असताना बॉक्सर यांनी आपल्या शोधांची एकस्वे स्वतःच्या नावे घेतली होती. ज्या दारूगोळ्याची निवड व तपासणी त्यांच्या अखत्यारीत होती, त्याच्या खाजगी उत्पादनाशी त्यांचे आर्थिक हितसंबंध जोडले गेल्याचे उघड झाले. त्यावर ब्रिटिश संसदेत चर्चा झाली आणि १८७० च्या सुमारास त्यांना अधीक्षकपद सोडावे लागले.

पुनर्भरणातील महत्त्व

अमेरिकेचे हायरम बर्डन यांनीही १८६६ मध्येच टोपीची वेगळी रचना केली. बर्डन पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते व ठिणगीसाठी सहसा दोन बारीक छिद्रे असतात. बॉक्सर पद्धतीत मध्यभागी एकच छिद्र असल्याने सरळ सुईने जुनी टोपी बाहेर ढकलता येते. इंग्रज बॉक्सर यांची टोपी अमेरिकेत, तर अमेरिकी बर्डन यांची युरोपीय सैन्यांत अधिक रुळली.

सलग पुनर्भरण यंत्र याच एका छिद्रावर अवलंबून असते. त्यातील फिरत्या तबकडीवर अनेक पुंगळ्या एकाच वेळी बसतात. तरफेच्या प्रत्येक ओढीला एका जागी पुंगळी मूळ मापावर येऊन जुनी टोपी निघते, पुढे नवी टोपी बसते, दारू पडते, गोळी बसते व शेवटी पुंगळीचे तोंड आवळले जाते. यंत्र लावताना एकच पुंगळी सर्व टप्प्यांतून नेऊन प्रत्येक साचा क्रमाने जुळवतात. दारूचे माप तराजूवर पडताळतात आणि प्रमाणित तक्त्यातील किमान भारापासून सुरुवात करतात.

वेग हाच या यंत्राचा धोकाही आहे. काम मध्येच थांबल्यास एका पुंगळीत दारू दोनदा पडू शकते. अशा काडतुसाने बंदूक फुटू शकते. दारू पडलीच नाही, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढचा बार घातक ठरतो. म्हणून गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहणे, मेजावर एकाच प्रकारची दारू ठेवणे, डोळ्यांना चष्मा लावणे व अडलेली टोपी जोराने न दाबणे हे नियम पाळले जातात.

भारतातील संदर्भ

पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. भुसावळजवळील वरणगावच्या आयुध निर्माणीतही लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा भारतात गुन्हा आहे.