किंतारो हात्तोरी : वेळ आणि शब्द पाळणारा घड्याळजी

रोज सकाळी आठवणीने चावी द्यावी लागणाऱ्या मनगटी घड्याळांचा काळ मागे पडला असला, तरी त्यांचे वेड संपलेले नाही. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळनिर्मिती सुरू केली आणि पुढे ‘जनता’सारखी चावीची घड्याळे कोल्हापूरपासून नागपूरपर्यंत घरोघरी पोहोचली. वडिलांच्या किंवा आजोबांच्या मनगटावरील त्या ‘स्वदेशी’ घड्याळाच्या पोटात जपानी घडणीचे मशीन होते, हे अनेकांच्या गावीही नसते. जपानमध्ये या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव सिटिझनच्या प्रतिस्पर्धी कंपनीच्या, म्हणजे सिकोच्या संस्थापकाचे आहे. किंतारो हात्तोरी हे ते नाव. ते मूळचे कारखानदार नव्हते, दुरुस्ती करणारे कारागीर होते.

९ ऑक्टोबर १८६० रोजी एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षाच्या सुमारास ते एका दुकानात उमेदवारीला लागले. पावसाच्या दिवशी गिऱ्हाईक फिरकत नसे आणि दुकानातील माणसे हातावर हात ठेवून बसत. जवळच्याच घड्याळाच्या दुकानातील कारागीर मात्र अशा दिवशीही दुरुस्तीत गढलेले असत. विक्री थांबली तरी ज्याचे काम थांबत नाही, असा हा धंदा त्या मुलाने हेरला आणि थोड्याच काळात तो घड्याळाच्या दुकानात शिकाऊ म्हणून दाखल झाला.

काळही अनुकूल होता. तोपर्यंत जपानमध्ये दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग मोजत. आपल्याकडील प्रहरांप्रमाणेच ऋतुमानानुसार त्यांची लांबी कमी-जास्त होई. १ जानेवारी १८७३ पासून सरकारने नवे सौर कॅलेंडर आणि चोवीस समान तासांची पद्धत लागू केली. जुनी घड्याळे एका फटक्यात निरुपयोगी झाली, तर परदेशी घड्याळांना मागणी आली. ती दुरुस्त करणारे हात मात्र मोजकेच होते.

हात्तोरी यांनी १८७७ मध्ये राहत्या घरीच दुरुस्तीचे काम सुरू केले. मोडकी, टाकाऊ घड्याळे विकत घ्यायची, ती चालू करायची आणि विकायची, असा त्यांचा क्रम होता. १८८१ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. १८८३ मध्ये ते आगीत भस्मसात झाले, तरी त्यांनी ते पुन्हा उभे केले. योकोहामातील परदेशी व्यापाऱ्यांची देणी ते ठरल्या दिवशी चुकती करीत. उधारी लांबविण्याची रीत असलेल्या बाजारात हे नवलच होते. परिणामी नवा माल प्रथम त्यांच्याकडे येऊ लागला.

१८९२ मध्ये अभियंता त्सुरुहिको योशिकावा यांना हाताशी धरून त्यांनी ‘सेकोशा’ हा कारखाना काढला. आधी भिंतीवरची घड्याळे, १८९५ मध्ये खिशातले घड्याळ, मग गजराचे आणि १९१३ मध्ये ‘लॉरेल’ हे जपानचे पहिले मनगटी घड्याळ, अशी मजल त्यांनी मारली. लॉरेल अर्थातच चावीचे होते. त्याचे भाग इतके बारीक की सुरुवातीला दिवसाला तीस-पन्नास नगच तयार होत.

१ सप्टेंबर १९२३ रोजी सकाळी ११ वाजून ५८ मिनिटांनी टोकियो परिसर भूकंपाने हादरला. भूकंपात आणि त्यानंतर उसळलेल्या आगीत मिळून लाखाहून अधिक माणसे दगावली. सेकोशाचा कारखाना आणि हात्तोरी यांचे मुख्य कार्यालय राखेत गेले. ते तेव्हा वयाच्या त्रेसष्टीकडे झुकले होते. आयुष्यभराची कमाई गेली होती आणि कारखाना पुन्हा उभारायचा की नाही, येथूनच प्रश्न होता. त्या आगीत गिऱ्हाइकांनी दुरुस्तीसाठी सोपविलेली सुमारे १५०० घड्याळेही जळाली. अस्मानी संकटापुढे कोणी भरपाई मागितली असती, असे नाही. तरीही हात्तोरी यांनी वृत्तपत्रांत जाहिरात देऊन त्या गिऱ्हाइकांना बोलावले आणि प्रत्येकाला जळालेल्या घड्याळाच्या तोडीचे नवे घड्याळ दिले. स्वतःचाच माल शिल्लक नसताना केलेला हा व्यवहार हिशेबाच्या वहीत तोट्याचाच ठरतो. पण दुरुस्तीला आलेले घड्याळ ही दुसऱ्याची ठेव असते, हे बालपणापासून टेबलावर बसलेल्या या कारागिराला वेगळे सांगावे लागले नसावे.

कारखाना पुन्हा उभा राहिला. १९२४ च्या अखेरीस तबकडीवर प्रथमच ‘सिको’ हे नाव असलेले मनगटी घड्याळ बाहेर पडले. १९३२ मध्ये गिन्झा चौकात मनोऱ्यावर घड्याळ असलेली त्यांची नवी इमारत पूर्ण झाली. महायुद्धातूनही ती वाचली आणि आजही उभी आहे. १ मार्च १९३४ रोजी हात्तोरी यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात सिकोच्या चावीच्या घड्याळांनी मोठा पल्ला गाठला. १९६० चे ‘ग्रँड सिको’ त्यांतलेच. पण १९६९ च्या नाताळात याच कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि चावीची सद्दी संपविण्याचा मानही तिच्याकडेच गेला. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता जुन्या चावीच्या मशिनांना नवा सुटा भाग मिळणे दुरापास्त आहे. मेनस्प्रिंग तुटली किंवा बॅलन्स व्हीलची दांडी मोडली, की त्याच जातीचे एखादे बंद पडलेले घड्याळ शोधायचे आणि त्याचा भाग काढून बसवायचा, हाच उपाय उरतो. मोडक्या घड्याळांना आज भाव आहे तो त्यासाठीच.