लिंकनचा संयम

१२ फेब्रुवारी १८०९ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात, लाकडी ओंडक्यांच्या एका झोपडीत, अब्राहम लिंकनचा जन्म झाला. शाळेत जाण्याचे भाग्य त्याला एकंदरीत वर्षभरही लाभले नाही. परंतु मागून आणलेली पुस्तके वाचून त्याने विद्या संपादन केली व पुढे नामांकित वकील म्हणून लौकिक मिळविला. १८६० साली तो राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. गुलामगिरीचा प्रसार रोखू पाहणारा हा पुरुष दक्षिणेकडील राज्यांना मानवला नाही. ती एकामागून एक फुटून निघाली आणि एप्रिल १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले.

दोघांचे भांडण नि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. लिंकनला तेच भय होते. त्याने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तेथूनच जात असे. तो तुटताच मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. आता कापसासाठी इंग्लंड व फ्रान्स आपल्या मदतीस धावतील, अशी दक्षिणेची अटकळ होती. इंग्लंडने मात्र तटस्थता जाहीर केली.

नोव्हेंबर १८६१ मध्ये भलताच प्रसंग ओढवला. उत्तरेच्या एका आरमारी अधिकाऱ्याने 'ट्रेंट' ही इंग्रज आगबोट भर समुद्रात अडवून दक्षिणेच्या दोन राजदूतांना पकडले. उत्तरेत जल्लोष झाला. इंग्लंड संतापले व कॅनडात फौज धाडू लागले. कैद्यांना सोडावे तर स्वजनांचा रोष, न सोडावे तर बलाढ्य आरमाराशी युद्ध! एका वेळी दोन युद्धे पेलणार नाहीत, हे ओळखून लिंकनने मानापमान गिळला. मंत्र्यांशी विचारविनिमय करून डिसेंबरअखेर त्याने त्यांच्या सुटकेस संमती दिली.

१ जानेवारी १८६३ रोजी त्याने बंडखोर प्रदेशातील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. त्यानंतर दक्षिणेचा पक्ष घेणे म्हणजे गुलामगिरीचा पक्ष घेणे, असे युरोपात मानले जाऊ लागले. कापसावाचून उपासमार सोसणाऱ्या मँचेस्टरच्या कामगारांनीही लिंकनला पाठिंब्याचे पत्र लिहिले. त्याने त्यांच्या त्यागाचा कृतज्ञतेने गौरव केला.

युरोपातील एकाही मोठ्या सत्तेने दक्षिणेच्या राज्याला मान्यता दिली नाही. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या प्रमुख सेनेने शरणागती पत्करली. त्याच महिन्याच्या १४ तारखेला एका मारेकऱ्याने लिंकनवर गोळी झाडली व दुसऱ्या दिवशी त्याची प्राणज्योत मालवली. परंतु त्याने राखलेले राष्ट्र अभंग राहिले. रणांगणावरील शौर्याइतकेच, योग्य वेळी एक पाऊल मागे घेण्याचे धैर्यही राष्ट्राला तारते, हे त्याच्या चरित्रावरून दिसून येते.