अंथरुणावरून अद्भुत जग उभे करणारे लेखक : नाथमाधव



आपली मुलं हॅरी पॉटर बघतात, छोटा भीम बघतात. पण मराठीत अशी अद्भुत कथा शंभर वर्षांपूर्वीच लिहिली गेली, हे त्यांना कोणी सांगतं का? ती लिहिणाऱ्या नाथमाधवांची आज ओळख करून घेऊ.

नाथमाधव हे टोपणनाव. खरं नाव द्वारकानाथ माधव पितळे. जन्म ३ एप्रिल १८८२, मुंबईत. तरुणपणी ते सिंहगडावर शिकारीला गेले आणि कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. शिकारीची आवड असलेला धडधाकट तरुण अंथरुणाला खिळला. दुसरा कोणी खचून गेला असता. त्यांनी पुस्तकं जवळ केली, मग लेखणी हातात घेतली.

१९०८ मध्ये 'प्रेमवेडा' ही पहिली कादंबरी आली. पुढे 'सावळ्या तांडेल', 'डॉक्टर' आणि शिवकाळावरची 'स्वराज्य' मालाही त्यांनी लिहिली. पण पोरांनी डोक्यावर घेतलं ते 'वीरधवल'ला (१९१३). शूर नायक, कपटी शत्रू, जिवावरची संकटं, चमत्कार आणि शेवटी चांगल्याचा जय. आजीच्या गोष्टीत जे असतं तेच. म्हणूनच अनेक पिढ्यांनी ती रात्र रात्र जागून वाचली.

२१ जून १९२८ रोजी, अवघ्या ४६ व्या वर्षी ते गेले.

आता जरा विचार करा. परीकथेतला राजपुत्र घर सोडतो, संकटात सापडतो, हिमतीने बाहेर पडतो. नाथमाधवांना घोड्यावर बसता येत नव्हतं, पण त्यांचा नायक रानोमाळ दौडत होता. अद्भुत कथा म्हणजे नुसती थाप नव्हे. समोरच्या संकटापेक्षा माणूस मोठा होऊ शकतो, हे ती मुलाला न शिकवता शिकवते.

आपल्या पाटोदा भागात दिवाळीच्या सुमारास अनेक घरं ऊसतोडीला जातात. काही मुलं आई-बापाबरोबर फडावर, काही आजी-आजोबांजवळ गावात. अशा लेकरांना राक्षस म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. त्यांना राक्षसाला हरवणारी गोष्ट हवी असते.

म्हणून शनिवारी दप्तर बाजूला ठेवा. आधी नाथमाधवांची गोष्ट सांगा. मग मुलांना विचारा : तुमच्या गोष्टीतला राक्षस कोणता, आणि तुम्ही त्याला कसं हरवाल? उत्तरं वहीत लिहून घ्या. पालकांनो, घरी तीच गोष्ट लेकरांकडून ऐका.