विश्लेषण : पेढी बुडाली, तरी लंडनच्या सावकारांनी जमशेटजी टाटांवरच विश्वास का ठेवला?

जमशेटजी टाटा म्हटलं की पोलाद कारखाना, ताजमहाल हॉटेल आणि बेंगळूरुची विज्ञान संस्था आठवते. पण उद्योजक म्हणून त्यांची पहिली मोठी परीक्षा नफ्याची नव्हती, दिवाळखोरीची होती.

१८६५ मध्ये काय घडलं?

नवसारीत ३ मार्च १८३९ रोजी जन्मलेले जमशेटजी वडील नसरवानजींच्या व्यापारात उतरले. १८५९ मध्ये ते हाँगकाँगला गेले. तिथल्या पेढीत कापसाबरोबर अफूचाही व्यापार होता. तो तेव्हा कायदेशीर होता, तरी हा भाग वगळून त्यांचं चरित्र पूर्ण होत नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले, सट्टाही फोफावला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. कापसाची कागदपत्रं घेऊन लंडनला गेलेल्या जमशेटजींच्या हातात रद्दीच उरली.

मग त्यांनी काय केलं?

पेढीची खरी स्थिती त्यांनी बँका आणि सावकारांपुढे मांडली, काहीही लपवलं नाही. परिणामी सावकारांनी पेढीचा हिशेब मिटवण्याचं काम त्यांनाच सोपवलं, महिना २० पौंड पगारावर. इकडे नसरवानजींनी देणी फेडायला मुंबईतलं घर विकलं. पैसा गेला, पत राहिली.

नागपूरच्या गिरणीत वेगळं काय होतं?

१ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. बहुतेक गिरण्या मुंबईत असताना त्यांनी कापूस पिकतो ती जागा निवडली. अडचण आली ती कामगारांची. अनेक जण नियमित कामावर येत नसत.

दंड वाढवणं हा सोपा मार्ग होता. जमशेटजी आणि व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता यांनी उलट केलं. चांगल्या हजेरीसाठी बक्षिसं ठेवली. हवा खेळती राहावी, दमटपणा योग्य राहावा म्हणून यंत्रणा बसवली, आगीसाठी पाण्याचे फवारे लावले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई.

यात विशेष काय?

तारखा पाहा. कामगार भरपाईचा कायदा भारतात १९२३ मध्ये आला, म्हणजे २८ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. कायदा नसताना केलेला हा खर्च होता. त्यामागे व्यवहारही होता, कारण टिकणारा कामगार काम शिकतो आणि यंत्र नीट चालवतो.

अर्थात गिरणी स्वर्ग नव्हती. प्रौढ पुरुष कामगारांच्या तासांवर १९११ पर्यंत कायदेशीर मर्यादाच नव्हती. शिवाय मालकाने आपणहून दिलेली सवलत तो मागेही घेऊ शकतो, हक्क मात्र काढून घेणं अवघड असतं. म्हणूनच कायदे लागले.

पुढे काय झालं?

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत जमशेटजींचं निधन झालं. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली, तिच्या जागेवर आज मॉल आहे. पगाराच्या पावतीवर दिसणारी पीएफची कपात मात्र आज सक्तीची आहे. जे एकेकाळी एखाद्या मालकाच्या मर्जीवर होतं, ते आता कामगाराला मागता येतं.